उपचार मागताना त्याचं नाव घ्यावं



संयोजकांनी मला 'मानसिक आरोग्य आणि आजचा समाज' हा विषय सुचवला होता. मी तो बाजूला ठेवला आणि एकाच आजारावर बोलू द्या अशी विनंती केली. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, ते मोघम उत्तराला गुण देत नसत असं त्यांचे जुने विद्यार्थी सांगतात. मानसिक आरोग्याबद्दलची आपली भाषणं अलीकडे फार मोघम झाली आहेत. ती ऐकून माणूस घरी जातो आणि घरातलं काहीच बदलत नाही. म्हणून आज मी फक्त ओसीडीवर, म्हणजे ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डरवर बोलणार आहे. आपल्याकडची जुनी माणसं ज्याला मंत्रचळ म्हणतात तो हा आजार. त्यावरचा उपचार भंडारा जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाने कुठे आणि कसा शोधावा, एवढाच माझा विषय आहे. मी नागपुरात चिकित्सा मानसतज्ज्ञ म्हणून काम करते, माहेर पवनीचं. लाखांदूरकडून पहाटेची एसटी धरून, भंडाऱ्याला गाडी बदलून आलेलं कुटुंब माझ्यासमोर बसतं, तेव्हा त्या दिवसाची मजुरी बुडाली आहे हे मला वेगळं सांगावं लागत नाही.

आधी आजार. नको असलेला विचार, शंका किंवा चित्र मनात पुन्हा पुन्हा येतं, त्याने जीव कासावीस होतो, आणि ती कासाविशी शमवायला माणूस एखादी कृती पुन्हा पुन्हा करत राहतो. कृती केली की थोडा वेळ बरं वाटतं. ही सुटका सावकाराच्या कर्जासारखी असते, आजची नड भागते आणि उद्याचा हप्ता वाढतो. दोनदा हात धुऊन भागायचं तिथे आठ दिवसांनी पाचदा धुवावे लागतात. बाधित माणसाला हे सगळं विचित्र आहे हे बहुतेक वेळा कळत असतं, आणि कळूनही थांबवता येत नाही, ही या आजाराची खरी यातना आहे.

तासन् तास हात धुणारी बाई आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे पाहिलेली असते. पण ओसीडीचे किती चेहरे आपल्याला ओळखूच येत नाहीत! शेतातल्या मोटारीचा स्टार्टर बंद केला की नाही हे पाहायला रात्री पुन्हा पुन्हा बांधावर जाणारा माणूस. आरतीला उभं राहिलं की देवाबद्दल घाणेरडा शब्द मनात उमटतो म्हणून देवळाची पायरी सोडलेला भक्त. एकच ओळ खोडून खोडून लिहिताना पेपराची वेळ संपलेला विद्यार्थी. सायकलवरून जाताना आपला कुणाला धक्का लागला असेल या शंकेने मागे फिरून रस्ता तपासणारी मुलगी. चंदीगडच्या मानसोपचार विभागातले सलमान अख्तर, नरेंद्रनाथ विग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली या आजाराच्या ८२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात चार रुग्णांमागे तिघांना शंकेने ग्रासलेलं होतं. शंका बाहेरून दिसत नाही, म्हणून घरच्यांना वाटतं माणूस हट्टी झाला, आळशी झाला, भित्रा झाला.

यातलं एक रूप मी मुद्दाम थांबून सांगते, कारण त्यावर कुणी तोंड उघडत नाही. बाळंतीण घरात आहे. पंधरा दिवसांचं बाळ मांडीवर आहे आणि समोर विळी दिसते. क्षणात तिच्या मनात येतं, मी ही बाळाला लावली तर? ती हादरते. विळी माळ्यावर टाकते. मग सुरी, मग कात्री, मग बाळाला आंघोळ घालणं सोडते, कारण पाण्याचीही भीती वाटू लागते. हे ती कुणाला सांगणार? सासूला सांगितलं तर बाळ काढून घेतील, नवऱ्याला सांगितलं तर माहेरी पाठवतील. हे ओसीडी असेल तर हा विचार तिच्या इच्छेच्या नेमका उलटा असतो, आणि त्याने ती इतकी घाबरते ती बाळावर जीव आहे म्हणूनच. बाळंतपणानंतर भान सुटणं, भास होणं, संशय घेणं हा वेगळा आणि तातडीचा आजार आहे, त्यात त्याच दिवशी रुग्णालय गाठायला हवं. दोन्हीतला फरक तज्ज्ञाने करायचा असतो. पण ज्या आईला ओसीडी आहे तिच्यापासून बाळ तोडलं तर तिच्या भीतीला आपण पुरावाच देतो. इथे आशाताई बसलेल्या आहेत, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. बाळंतिणीच्या भेटीत ताप, अंगावरचं दूध, टाके विचारता, तेव्हा 'मनात नको ते विचार येऊन भीती वाटते का' हेही विचारा. आणि उत्तर आलं तर चेहऱ्यावर धक्का दिसू देऊ नका.

असे विचार फक्त आजारी माणसालाच येतात का? १९७८ साली मानसशास्त्रज्ञ रॅकमन आणि श्रीलंकेतून लंडनला गेलेले पद्मल डी सिल्वा यांनी निरोगी माणसांना हेच विचारलं. बहुसंख्यांनी सांगितलं की आम्हालाही असे विचार येतात. मजकूर जवळजवळ तोच होता. निरोगी माणूस त्यांना जाऊ देतो, ओसीडी झालेला माणूस त्यांच्यासाठी स्वतःला जबाबदार धरून बसतो.

आता आपला जिल्हा. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत झालं. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण आपल्या शेजारचे मध्य प्रदेश आणि छत्तीसगड होते. त्यात प्रौढांमध्ये ओसीडीचं प्रमाण सुमारे ०.८ टक्के निघालं. २०११ च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या बारा लाख होती. त्यात प्रौढ आठ लाख धरले तरी ढोबळ हिशेबाने सहा हजारांवर माणसं होतात. भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, पवनी, लाखांदूर या सात तालुक्यांत ती पसरलेली आहेत, आणि त्यातली फार थोडी उपचाराच्या दारात पोचतात. सर्वेक्षणाने एकूण मानसिक आजारांत उपचाराविना राहणाऱ्यांचं प्रमाण आजारानुसार ७० ते ९२ टक्के सांगितलं.

जी पोचतात, तीही वळणावळणाने. आपल्या भागात पहिली पायरी बहुधा बाहेरची बाधा उतरवणाऱ्याची असते. दर्गा असतो, देवस्थान असतं. त्या वाटेला जाणाऱ्यांना मी दोष देत नाही, तिथे निदान कुणीतरी ऐकून घेतं. मग त्वचेचा डॉक्टर, कारण हाताची सालपटं निघालेली असतात. मग गावातला डॉक्टर, जो झोपेची गोळी देतो. मग कुणीतरी सांगतं नागपूरला न्या. नागपूर म्हटलं की डोळ्यांसमोर उभं राहतं १८६४ सालापासूनचं मनोरुग्णालय, आणि घरातला माणूस विचारतो, मी का पागल आहो का जी? इथे अनेक घरांत तो विषय कायमचा मिटतो.

पण माझ्या मनाला जास्त लागतात ती घरं, जी हे सगळं ओलांडून तज्ज्ञापर्यंत जातात आणि तरी रिकाम्या हाताने परततात. त्यांनी पैसे खर्चले, रजा काढल्या, लाज गिळली, आणि त्यांना मिळाला भलताच उपचार. कुठे दीर्घ श्वसन शिकवलं, कुठे 'विचार आला की मन दुसरीकडे वळवा' असं सांगितलं, कुठे संमोहन केलं, कुठे वर्षभर लहानपणीच्या आठवणी उकरल्या. आणि घरी येऊन सगळ्यांचं मत पक्कं झालं की हा आजार बरा होतच नाही. आज मला मुख्यतः हेच सांगायचं आहे. ओसीडीवर एक ठरावीक मानसोपचार आहे, त्याला नाव आहे, तो जगभर तपासला गेला आहे. 'चांगला डॉक्टर सांगा हो' असं विचारत फिरण्याऐवजी आपण त्या उपचाराचं नाव घेऊन तो मागायला शिकलं पाहिजे. त्याचं नाव एक्सपोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन, थोडक्यात ईआरपी. आपल्या भाषेत, भीतीला सामोरं जायचं आणि नेहमीची कृती रोखायची.

या उपचाराचा इतिहास आपल्यासारख्या जिल्ह्याने ऐकण्याजोगा आहे. १९६० च्या दशकापर्यंत ओसीडी असाध्य समजला जाई. मनोविश्लेषणाने वर्षानुवर्षं बोलून फरक पडत नव्हता. १९६६ साली लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयातले मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी दोन रुग्णांवरचा आपला प्रयोग प्रसिद्ध केला. धुण्याने ग्रासलेल्या रुग्णाला त्यांनी वॉर्डात ठेवलं, ज्या गोष्टींची भीती त्या हाताळायला लावल्या, आणि नंतर धुऊ दिलं नाही. पण दिवसभर रुग्णाजवळ कोण होतं? परिचारिका. पाण्यावर नजर ठेवणं, समजावणं, धीर धरायला लावणं, हे सगळं त्यांनी केलं. पुढे १९७० च्या दशकात लंडनच्याच मॉड्स्ली रुग्णालयात आयझॅक मार्क्स यांनी परिचारिकांना या उपचाराचं रीतसर शिक्षण दिलं, आणि प्रशिक्षित परिचारिका तो उत्तम देऊ शकतात हे दाखवलं. म्हणजे हा उपचार जन्मापासून मोठ्या डॉक्टरच्या केबिनमध्ये बसून करायचा नव्हताच. तो नळाजवळ, दाराच्या कडीजवळ, स्वयंपाकघरात करायचा आहे. आणि नळ, कडी, स्वयंपाकघर तर भंडाऱ्यातच आहे.

ईआरपी प्रत्यक्षात कसा चालतो ते सांगते. अनेक घरांतून जमवलेल्या गोष्टींतून मी एक माणूस उभा करते, तो कुणी एक नव्हे. लाखनी तालुक्यातला शेतकरी आहे. धानावर फवारणी करून आला आणि मनात बसलं की औषध अंगावर राहिलं, ते मुलांच्या पोटात जाईल. आता तो अंगणातच कपडे काढतो, दोन तास आंघोळ करतो, साबणाच्या वड्या संपवतो. कपडे वेगळे धुतले जातात. पोरांनी त्याला हात लावायचा नाही. फवारणी पंप ठेवलेल्या खोलीचं दार बायको फडक्याने उघडते. गेल्या हंगामात तर तो शेतावरच गेला नाही, मजूर लावला.

पहिल्या एकदोन बैठका ऐकण्यात जातात. गुडमन आणि सहकाऱ्यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेली दहा प्रश्नांची एक मापनश्रेणी आहे, येल-ब्राउन. चाळीसपैकी गुण मिळतात, त्यावरून आजाराचं बळ कळतं आणि पुढे उपचार लागू पडतो आहे की नाही हेही तपासता येतं. मग रुग्ण आणि उपचारक मिळून भीतीची उतरंड लावतात. शून्य म्हणजे शांत, शंभर म्हणजे सहन न होणारी. त्या खोलीच्या दारासमोर उभं राहणं, वीस. दाराच्या कडीला उघडा हात लावणं, पस्तीस. तो हात सदऱ्याला पुसून तसंच बसणं, पन्नास. कोरड्या, धुतलेल्या पंपाचा पट्टा धरणं, सत्तर. त्यानंतर मुलीला जवळ घेणं, नव्वद. सुरुवात खालून होते. कडीला हात लावला की उपचारक म्हणतो, आता थांबायचं, धुवायचं नाही, आणि धुवावंसं वाटतंय ते वाटू द्यायचं. भीती चढते, घाम येतो. मग काही वेळाने, कधी अर्ध्या तासाने, कधी दुसऱ्या दिवशीच्या सरावात, माणसाला उमगतं की धुतलं नाही तरी हे सहन होतं आणि भीती आपोआप ओसरते. शब्दांनी समजावून जे होत नाही ते हाताने करून होतं.

इथे दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. कुठलाही शहाणा उपचारक धोक्याचं काम करायला सांगत नाही. फवारणीनंतर साबणाने एकदा हातपाय धुवायचे, कपडे बदलायचे, हे कोणताही सावध शेतकरी करतो आणि यानेही करायचं. सोडायची ती त्यापुढची दोन तासांची आंघोळ. आणि दुसरं, इथे जबरदस्ती चालत नाही. पायरी कोणती घ्यायची हे रुग्ण ठरवतो. घरच्यांनी चिडून नळ बंद करणं म्हणजे ईआरपी नव्हे, त्याने माणूस फक्त अपमानित होतो. एकूण बैठका साधारण बारा ते वीस. पण खरं काम दोन बैठकांच्या मधल्या दिवसांत, घरी, रोजच्या सरावातून होतं.

औषधांविषयी थोडक्यात. सेरोटोनिनवर काम करणारी औषधं, म्हणजे फ्लुऑक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लुवोक्सामिन, आणि जुनं क्लोमिप्रामिन, ओसीडीत उपयोगी ठरलेली आहेत. भारतीय मानसोपचार संघटनेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या उपचारसूचनांतही यातली पहिली तीन औषधं आणि ईआरपीवर आधारलेला वर्तनोपचार हेच पहिल्या फळीचे उपचार आहेत. नैराश्यात लागते त्यापेक्षा मात्रा बऱ्याचदा जास्त लागते आणि पूर्ण परिणाम दिसायला दहा-बारा आठवडे जातात. तिसऱ्या आठवड्यात 'गुण नाही' म्हणून गोळ्या टाकून देणारे फार. बरं वाटल्यावरही पुढे एक-दोन वर्षं त्या चालू ठेवाव्या लागतात, आणि बंद करायच्या त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू. ज्या घराला मानसोपचारक दूर पडतो त्यांना औषधं हा मोठा आधार आहे. त्यांची लाज बाळगू नका.

मग शोधायचं कुठे? आधी आपल्याच गावात. भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात जा आणि मानसोपचाराची ओपीडी विचारा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क केलेले आहेत. तिथे निदान होऊ शकतं, औषध सुरू होऊ शकतं, आणि पुढे पाठवण्याची चिठ्ठी मिळू शकते. नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, ज्याला आपण मेडिकल म्हणतो. मिहानमधलं एम्स आहे. प्रादेशिक मनोरुग्णालयातही बाह्यरुग्ण विभाग आहे, तिथे गेलं म्हणजे भरती करतीलच असं नसतं, बहुसंख्य लोक तपासून त्याच दिवशी घरी परततात. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, याचा माझ्या तरुण रुग्णांना खरोखर उपयोग झाला. नवऱ्याकडे पैसे न मागता त्या एकट्या येऊ लागल्या.

गुंतागुंत फार असेल, दोनतीन औषधं पुरेशा मात्रेत घेऊनही फरक नसेल, तर बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेचा खास ओसीडी विभाग आहे. डॉ. जनार्दन रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो नावारूपाला आणला, आणि देशभरातून तिथे रुग्ण जातात. पण आधी तिकडेच धावण्याची गरज फार थोड्यांना असते.

मानसोपचारक खासगी असेल तर त्याची नोंदणी पाहा. भारतात चिकित्सा मानसतज्ज्ञाला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, ही परिषद १९९२ च्या कायद्याने आली. प्रत्येकाला नोंदणी क्रमांक असतो आणि तो मागण्यात उद्धटपणा काही नाही. माझ्या भिंतीवर तो लावलेला आहे. समुपदेशक ही पाटी मात्र कुणीही लावू शकतो. काही समुपदेशक उत्तम आहेत, तरी ओसीडीसाठी पाटी वाचून आत शिरू नका, प्रश्न विचारून शिरा. विचारा, तुम्ही ओसीडीच्या रुग्णांवर काम केलं आहे का? ईआरपी करता का? तो बैठकीत माझ्यासोबत करून दाखवाल, की फक्त बोलाल? घरी रोज काय करायला द्याल? घरच्यांना बोलावाल का? ज्याला हे काम येतं तो या प्रश्नांनी खूश होतो. ज्याला राग येतो, किंवा जो 'तीन बैठकांत मुळापासून काढतो' म्हणतो, त्याच्याकडून नमस्कार करून निघा. आणि ज्याने तुम्हाला प्रामाणिकपणे सांगितलं की मला हे येत नाही, अमक्याकडे जा, त्याचे आभार माना.

अंतराचा प्रश्न आता पूर्वीइतका अवघड राहिलेला नाही. मार्च २०२० मध्ये केंद्राने दूरवैद्यकाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि व्हिडिओवर मानसोपचार सर्रास होऊ लागला. ओसीडीच्या बाबतीत तर मी म्हणेन की कित्येकदा तोच जास्त चांगला. केबिनमध्ये माझ्याकडे रुग्णाचा नळ नसतो. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून मी त्याच्या मोरीपर्यंत जाऊ शकते, तो कडीला हात लावतो तेव्हा सोबत असते. अडचण एकच, घरात एकांत लागतो, आणि तो आपल्या घरांत मिळत नाही. एक रुग्ण बंधाऱ्यावर बसून बोलतो, दुसरी शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गातून. मराठी बोलणारा तज्ज्ञ हवा असेल तर आता पुण्यातला, ठाण्यातलाही चालतो. ठाण्यात १९९० पासून डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयपीएच ही संस्था मराठी माणसाच्या भाषेत मानसोपचार नेण्यासाठी चालवली आहे. भाषेचं महत्त्व मी अनुभवाने सांगते. देवाबद्दल मनात आलेला घाणेरडा शब्द माणूस परक्या भाषेत सांगू शकत नाही, आणि तो सांगितल्याशिवाय काम सुरू होत नाही.

केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. क्रमांक १४४१६. फोन निःशुल्क, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. संपूर्ण ईआरपी या फोनवर होणार नाही, पण पहिली दिशा मिळेल. आणि घरातलं माणूस मरणाच्या गोष्टी बोलत असेल, तर ओपीडीच्या वाराची वाट पाहू नका. ओसीडी वर्षानुवर्षं झेलताना माणूस खचतो, नैराश्य सोबत येतं. त्या रात्री त्याला एकटं ठेवू नका, हा क्रमांक फिरवा, जवळचं रुग्णालय गाठा.

हे सगळं मी घरांना सांगितलं. पण सगळा भार घरांवर टाकून मला थांबता येत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला आणि २०१८ च्या मे महिन्यात लागू झाला. त्याच्या १८ व्या कलमाने मानसिक आरोग्य सेवा हा प्रत्येकाचा हक्क ठरवला. जिल्ह्यात किमान सेवा सरकारी यंत्रणेत उपलब्ध नसेल, तर त्याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या मानसिक आरोग्य सेवेकडे जाण्याचा हक्क आणि त्याचा खर्च सरकारने उचलण्याची तरतूदही त्यात आहे. हे कलम आपल्या जिल्हा परिषदेच्या सभेत कुणी वाचून दाखवावं अशी माझी इच्छा आहे. रस्त्याच्या, धान खरेदी केंद्राच्या, गोसीखुर्द धरणाच्या पुनर्वसनाच्या प्रश्नांवर हा जिल्हा पोटतिडकीने बोलतो. त्या यादीत हाही प्रश्न यावा.

आणि मागणी अशक्यातली नाही. विदर्भातच अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत विश्राम नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवून नैराश्याच्या रुग्णांपर्यंत पोचायचं, असा तो होता. आधी नैराश्याच्या शंभर रुग्णांमागे जेमतेम चार जणांपर्यंत मदत पोचत होती, प्रकल्पानंतर ती सत्तावीस जणांपर्यंत गेली. हे निष्कर्ष २०१७ साली वैद्यकीय नियतकालिक लॅन्सेट सायकिअॅट्रीत आले. गोव्यात संगाथ या संस्थेने तेच काम प्राथमिक आरोग्य केंद्रांतून केलं. ते काम ओसीडीवरचं नव्हतं, हे मी स्पष्ट सांगते. पण मेयर आणि मार्क्स यांनी परिचारिकांसोबत जे केलं त्याच्या शेजारी हे ठेवा. जिल्हा रुग्णालयातल्या दोन परिचारिका आणि प्रत्येक तालुक्यातला एक आरोग्य कर्मचारी, यांना ईआरपीचं चांगलं प्रशिक्षण द्या, नागपूरच्या तज्ज्ञाची दर आठवड्याला व्हिडिओवर देखरेख ठेवा. औषध डॉक्टरांनी पाहावं, नळाजवळ ताईंनी उभं राहावं. लाखांदूरच्या माणसाला मग बारा वेळा नागपूर गाठायची गरज राहणार नाही. मी स्वतः हे प्रशिक्षण विनामूल्य द्यायला तयार आहे, आणि हे इथे माइकवर बोलते आहे.

व्याख्यानाआधी एका आईने मला चिठ्ठी दिली. तिचा प्रश्न असा, की मुलगा यायलाच तयार नाही, मग आम्ही काय करावं? हा प्रश्न बहुतेक घरांचा आहे, म्हणून जाण्याआधी त्याचं उत्तर देते.

ओसीडी झालेल्या माणसाच्या आजारात घरचे नकळत सामील होतात. तो विचारतो, दार लावलं ना? आपण म्हणतो, हो लावलं. तो पुन्हा विचारतो. आपण पुन्हा हो म्हणतो. त्याच्यासाठी फडक्याने कडी उघडतो, त्याची भांडी वेगळी ठेवतो, पाहुण्यांना घरी बोलावणं बंद करतो. सगळं प्रेमापोटी. पण प्रत्येक 'हो' हा त्याच्या आजाराला दिलेला एक घास असतो. येल विद्यापीठातले एली लेबोविट्झ यांनी चिंताविकार असलेल्या मुलांच्या बाबतीत असं करून पाहिलं, की मुलाला न भेटता फक्त आईवडिलांसोबत काम करायचं, त्यांचं हे सामील होणं टप्प्याटप्प्याने कमी करायचं. मुलांमधला फरक मुलांवर थेट केलेल्या उपचाराच्या तोडीचा निघाला. ओसीडीतही आम्ही हेच तंत्र वापरतो.

तेव्हा ताई, मुलगा येत नसेल तर तुम्ही या. तुम्ही आणि त्याचे बाबा, दोघंही. त्याच्या मागे लागू नका, त्याला फसवून आणू नका, आणि घरी जाऊन आजच सगळ्या शंकांना उत्तरं देणं तोडू नका, तो घाबरेल आणि घर पेटेल. एक वही घ्या. आठवडाभर त्यात लिहा, त्याने दिवसातून कितीदा काय विचारलं, तुम्ही काय उत्तर दिलं, त्याच्यासाठी घरातलं कोणतं काम वेगळ्या पद्धतीने केलं, आणि त्यात किती वेळ गेला. वहीत त्याच्याविषयीचा राग लिहू नका, फक्त घडलं ते लिहा. पहिल्या भेटीत आम्ही त्या वहीतली सगळ्यात छोटी गोष्ट निवडतो, आणि ती कशी कमी करायची, ती कमी करताना मुलाला आधी काय सांगायचं, याचा सराव तुमच्याकडून करून घेतो.